सोन्याची तबकडी: किंमत तबकडीची नाही, खालच्या पट्टीची

गाणी भरपूर खपली की रेकॉर्ड कंपनी कलाकाराला चौकटीत बसवलेली सोनेरी रेकॉर्ड पारितोषिक म्हणून देते. भिंतीवरची ती रेकॉर्ड चौकटीतून काढली आणि प्लेअरवर ठेवली, तर काय वाजेल?

काही जुन्या संग्राहकांनी हा उद्योग करून पाहिला आहे. लेबलवर नाव एका गायकाचं असतं आणि सुई टेकवली की गातो भलताच कुणीतरी. त्यासाठी चौकट उघडायचीही गरज नाही. एल.पी.वर, म्हणजे अनेक गाण्यांच्या मोठ्या रेकॉर्डवर, दोन गाण्यांच्या मध्ये गुळगुळीत, चकाकती रेघ दिसते, त्यावरून एका बाजूला किती गाणी आहेत ते मोजता येतं. लेबलवर सहा गाणी छापलेली आणि तबकडीवर रेघा पाच गाण्यांच्या, असं प्रकरण खऱ्याखुऱ्या, अधिकृत पारितोषिकांत सर्रास आढळतं.

कारण अगदी साधं आहे. हे पारितोषिक बनवणाऱ्या कारखान्याला हवी असते एक गोल, खाचांची, चमकणारी वस्तू. ती ऐकणार कोण? हाताशी असलेली कुठलीही तबकडी घ्यायची, तिच्यावर धातूचा पातळ थर चढवायचा, वर योग्य ते लेबल चिकटवायचं आणि काचेआड बसवायची. सोनं त्यात जवळजवळ नसतंच. सोनाराकडे नेलीत तर तो हसेल.

मग लोक यासाठी शेकडो, कधी हजारो डॉलर का मोजतात? याचं उत्तर तबकडीत सापडत नाही. ते सापडतं तिच्या खाली बसवलेल्या लहानशा धातूच्या पट्टीत, ‘अमुक यांस सादर’ असं जिच्यावर कोरलेलं असतं. नवा माणूस आधी तबकडी बघतो. मुरलेला माणूस आधी पट्टी वाचतो, मग चौकटीची पाठ बघतो आणि तबकडीकडे सगळ्यात शेवटी वळतो.

सुरुवात एका साच्यापासून

१९४२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत आर.सी.ए. व्हिक्टर कंपनीने बँडमास्टर ग्लेन मिलर यांना रेडिओच्या थेट कार्यक्रमात एक सोनेरी तबकडी दिली. ‘चॅटनूगा चू चू’ या त्यांच्या गाण्याच्या १२ लाख प्रती खपल्या होत्या. पुढे जी प्रथा पडली तिचा मूळपुरुष हाच. ती तबकडी म्हणजे सोनेरी लाखेचा हात दिलेला एक ‘स्टँपर’ होता. स्टँपर म्हणजे रेकॉर्ड छापायचा धातूचा साचा. रेकॉर्डवर जिथे खाच, तिथे साच्यावर उंचवटा. थोडक्यात, पहिली सोनेरी तबकडीसुद्धा नीट वाजवण्याजोगी नव्हतीच.

इथे जरा आडवाटेने जातो. त्या काळच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, रेकॉर्डी शेलॅकच्या असत, म्हणजे आपल्या लाखेच्या. पळस, कुसुम, बोरीच्या झाडांवर लाखेचे किडे जी लाख करतात तीच. जगाला लाख पुरवण्यात भारत आघाडीवर होता. महायुद्धात ती वाट अडली आणि त्याच १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने रेकॉर्डींसाठी शेलॅक वापरण्यावर कडक मर्यादा घातली. एकीकडे सोनेरी तबकडीचा सोहळा आणि दुसरीकडे काळ्या तबकडीसाठी कच्चा माल मिळेना, असं ते वर्ष होतं.

मिलर यांची तबकडी कंपनीने स्वतःच्या मर्जीने दिली होती. आकडा कंपनीचा, मोजणी कंपनीची आणि शाबासकीही कंपनीचीच. पुढची सोळा वर्षं असंच चाललं. ज्याला वाटेल त्याने ‘दहा लाख खपल्या’ म्हणावं आणि सोनेरी तबकडी हातात घेऊन फोटो काढावा. संग्राहक या प्रकाराला ‘इन-हाऊस’ म्हणतात, म्हणजे कंपनीच्या घरची.

सोनं ठरवायचं कुणी?

अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना, रेकॉर्डिंग इंडस्ट्री असोसिएशन ऑफ अमेरिका, १९५२ मध्ये स्थापन झाली. तिच्या आद्याक्षरांवरून तिला आरआयएए म्हणतात. १९५८ मध्ये तिने हिशेब तपासून प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. मार्चमध्ये पेरी कोमो यांच्या ‘कॅच अ फॉलिंग स्टार’ला सिंगलचा, म्हणजे सुट्या गाण्याच्या छोट्या रेकॉर्डचा, पहिला अधिकृत मान मिळाला आणि जुलैत ‘ओक्लाहोमा!’ या चित्रपटाच्या एल.पी.ला अल्बमचा. तेव्हापासून ‘गोल्ड’ हा शब्द अधिकृत झाला, पण त्याचा अर्थ मात्र स्थिर राहिला नाही. संग्राहकाला नेमकं हेच ठाऊक असायला हवं.

सिंगलसाठी अट सरळ होती: १० लाख प्रती. अल्बमसाठी मात्र अट प्रतींची नव्हती, पैशांची होती. कंपनीच्या घाऊक दराने १० लाख डॉलरची विक्री झाली की गोल्ड. यात एक गंमत दडलेली आहे. एल.पी. जसजशी महाग होत गेली, तसतसा तेवढाच गल्ला कमी प्रतींत भरू लागला. महागाई वाढली आणि सोनं स्वस्त झालं! म्हणून १ जानेवारी १९७५ पासून जोड अट आली की किमान ५ लाख प्रती खपलेल्या हव्यात.

१९७६ मध्ये प्लॅटिनम आलं: अल्बमला १० लाख, सिंगलला २० लाख. पहिला प्लॅटिनम अल्बम ठरला ईगल्स या बँडचा निवडक गाण्यांचा संग्रह. १९८४ मध्ये मल्टि-प्लॅटिनमची, म्हणजे प्लॅटिनमच्या आकड्याच्या पटींची, भर पडली. १९८९ मध्ये सिंगलच्या अटी निम्म्यावर आणल्या: ५ लाखांना गोल्ड, १० लाखांना प्लॅटिनम. १९९९ मध्ये १ कोटीसाठी डायमंड ठेवलं. पुढे इंटरनेटवर ऐकलेली गाणीही मोजणीत धरली जाऊ लागली, सिंगलसाठी २०१३ पासून आणि अल्बमसाठी २०१६ पासून. आजच्या हिशेबाने एखादं गाणं १५० वेळा ऐकलं गेलं की ती सिंगलची एक प्रत आणि अल्बममधली गाणी १,५०० वेळा ऐकली गेली की अल्बमची एक प्रत.

या जंत्रीचा उपयोग काय, तर खोट्या वस्तू पकडायला ती फार कामाची आहे. कुणी ‘१९७० सालची आरआयएएची प्लॅटिनम’ घेऊन आला, तर पुढे बोलायचंच नाही. १९७० मध्ये तसलं काही अस्तित्वातच नव्हतं.

दुसरी गोष्ट, हा मान आपोआप मिळत नाही. कंपनीने अर्ज करायचा, हिशेब उघडून दाखवायचे, तपासणीचा खर्च सोसायचा. अर्जच केला नाही तर कोट्यवधी खपूनही कागदावर काहीच नाही. मोटाऊन हे याचं ठळक उदाहरण. साठच्या दशकात या कंपनीच्या गाण्यांनी अमेरिका डोक्यावर घेतली होती, पण सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत मोटाऊन आरआयएएची सदस्यच नव्हती. त्यामुळे सुप्रीम्स किंवा टेम्पटेशन्स या तिच्या गायकवृंदांच्या त्या काळच्या गाजलेल्या गाण्यांना त्या वेळी अधिकृत गोल्ड मिळालंच नाही. कलाकारांना मिळाल्या त्या घरच्या तबकड्या. तेव्हा १९६५ च्या मोटाऊन गाण्याची, त्याच काळच्या घडणीची आणि वर आरआयएएचा शिक्का असलेली चौकट समोर आली, तर शिक्काच तिच्या विरुद्ध साक्ष देतो.

उलट उदाहरण एल्व्हिस प्रेस्लीचं. तो गेला १९७७ मध्ये. त्याच्या कंपनीच्या जुन्या हिशेबांची तपासणी होऊन १९९२ मध्ये एकाच वेळी तब्बल ११० गोल्ड, प्लॅटिनम आणि मल्टि-प्लॅटिनम मान जाहीर झाले. गाणी पन्नास-साठच्या दशकातली आणि चौकटी नव्वदच्या! त्या खऱ्याच आहेत, पण ‘त्या काळच्या’ नाहीत. बाजारात या दोहोंच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आणखी एक बारकावा. मोजले जातात ते कंपनीने दुकानांकडे रवाना केलेले नग, परत आलेले वजा करून. पण परत यायला वेळ लागतो. म्हणून अमेरिकी रेकॉर्ड धंद्यात एक जुना विनोद आहे: गोल्ड होऊन गेली आणि प्लॅटिनम होऊन परत आली.

चौकटी मिळतात कुणाला?

बहुतेकांची समजूत अशी की सोनेरी तबकडी एकच असते आणि ती गायकाच्या दिवाणखान्यात लटकते. प्रत्यक्षात एका अल्बमच्या डझनावारी, कधी शेकडो चौकटी बनतात. गायकाला एक, बँडमधल्या प्रत्येकाला एक, मग निर्माता, ध्वनिमुद्रक, मॅनेजर, कंपनीतले अधिकारी, विक्री विभागातली माणसं, गाणं लावून लावून गाजवणारी रेडिओ स्टेशनं, प्रती खपवणारी दुकानं. दिवाळीत धंद्यातल्या माणसांना मिठाईचे डबे पाठवतात, त्यातलाच प्रकार म्हणा ना! कंपनी परवानाधारक कारखान्याकडे ऑर्डर देते आणि नगामागे पैसे मोजते. बऱ्याचदा हा खर्च फिरून कलाकाराच्याच खात्यात पडतो, असंही ऐकायला मिळतं.

म्हणून भाव ठरतो पट्टीवरच्या नावाने. कलाकाराचं स्वतःचं नाव असेल तर सर्वांत वर. त्याखाली निर्माता किंवा त्या अल्बमशी थेट जोडलेला माणूस. मग कंपनीचा अधिकारी. सर्वांत खाली रेडिओ स्टेशन आणि दुकानं. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या एखाद्या लोकप्रिय बँडची, रेडिओ स्टेशनच्या नावाची चौकट काहीशे डॉलरना मिळते. बीटल्सपैकी कुणाच्या नावाची साठच्या दशकातली अस्सल चौकट लिलावात आली, तर आकडे हजारांच्या पुढेच सुरू होतात.

यातून एक उलटा न्याय निघतो. जो अल्बम तुफान खपला, त्याच्या चौकटीही ढिगाने निघाल्या. मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’चं नाव मोठं, पण चौकटी काही दुर्मीळ नाहीत. जेमतेम ५ लाखांचा टप्पा ओलांडून थांबलेल्या एखाद्या आडबाजूच्या बँडची चौकट वर्षानुवर्षं शोधूनही सापडत नाही. मला स्वतःला या दुसऱ्या प्रकारात जास्त रस आहे, खिशाला परवडतं हे एक कारण आहेच.

ऑस्करचा पुतळा विकायला १९५० पासून आडकाठी आहे, आधी तो अकादमीलाच एका डॉलरला देऊ करावा लागतो. ग्रॅमी या संगीत-पुरस्काराच्या विक्रीलाही मनाई आहे. सोनेरी तबकड्या मात्र खुलेआम फिरतात. कंपनी बुडली, ऑफिस रिकामं झालं, साहेब निवृत्त झाले, मुलांना अडगळ नको होती, अशा वाटांनी त्या बाजारात येतात. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना शनिवारच्या गराज सेलमध्ये अशी एखादी चौकट दिसणं अशक्य नाही. दिसली तर पुढचा भाग उपयोगी पडेल.

चौकट वाचायची कशी?

तीन काळ एकमेकांशी जुळवून पाहायचे: मान जाहीर झाल्याची तारीख, चौकटीच्या घडणीचा काळ आणि लेबलाच्या नमुन्याचा काळ. पहिली तारीख आरआयएएच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट शोधता येते. दुसरीसाठी डोळा तयार करावा लागतो.

साठच्या दशकाच्या मध्यापासून सत्तरच्या मध्यापर्यंतच्या चौकटींत तबकडीभोवती पांढरा, तागाच्या कापडासारख्या पोताचा पुठ्ठा असतो. संग्राहक त्याला ‘व्हाइट मॅट’ म्हणतात आणि त्याच्यावर जीव टाकतात. बीटल्सना अमेरिकेत पहिलं गोल्ड मिळालं १९६४ च्या फेब्रुवारीत, म्हणजे त्यांची मूळ चौकट असायला हवी ती या घडणीची. १९७५ च्या सुमारास तो पांढरा पुठ्ठा गेला आणि तबकडी, पट्टी मोकळ्या पार्श्वभूमीवर तरंगताहेत अशी मांडणी आली, तिचं नाव ‘फ्लोटर’. ऐंशीच्या दशकात छोटं मुखपृष्ठ आलं, सोनेरी कॅसेट आली, मागाहून सीडी आली. त्याच दशकाच्या मध्याला काचेच्या आत, पुठ्ठ्यावर चकाकणारा होलोग्राम डकवायला सुरुवात झाली. नकला वाढल्या होत्या, हे त्यामागचं कारण.

पट्टीवरची भाषाही काळ सांगते. जुन्या अल्बमच्या पट्टीवर सहसा ‘१० लाख डॉलरहून अधिक किमतीच्या विक्रीनिमित्त’ अशा अर्थाचा मजकूर असतो, कारण तेव्हा अट पैशांची होती. नंतरच्या पट्ट्या ‘५ लाखांहून अधिक प्रती’ म्हणतात. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर १९६६ च्या अल्बमसाठी ५ लाख प्रतींचा उल्लेख दिसला की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते.

आता पाठ. कारखान्याचा कागदी शिक्का, जुनी तार, गंजलेले खिळे, कडेने पिवळा पडलेला कागद. पन्नास वर्षं जुनी म्हणवणारी चौकट मागून कालच्यासारखी कोरी असेल तर विचारावं. चौकट नवी बसवली असेल तर तसं सांगणारा विक्रेता प्रामाणिक, न सांगणारा टाळावा.

सर्वांत धूर्त लबाडी असते ती पट्टी बदलण्याची. चौकट अस्सल, तबकडी अस्सल, होलोग्रामसुद्धा अस्सल. फक्त दुकानाच्या नावाची पट्टी काढून तिथे गायकाच्या नावाची बसवलेली. म्हणून जुन्या पट्टीच्या गोंदाची कड, अक्षरांचं वळण, कोरीवकामाची खोली बघावी लागते. आणि कागद मागावा लागतो. ही वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली, मूळ मालक त्या कंपनीत काय करत होता, त्याचा चौकटीसोबतचा जुना फोटो आहे का? आपल्याकडे जमीन घेताना सातबारा बघतात, तसा हा त्या चौकटीचा सातबारा.

याखेरीज एक वर्ग आहे निव्वळ शोभेच्या वस्तूंचा. सोनेरी रंगाची तबकडी, खाली गायकाचं नाव, एक रंगीत फोटो आणि कोपऱ्यात ‘मर्यादित आवृत्ती’. एका कॅफेच्या भिंतीवर अशी चौकट बघून मी हरखलो होतो. जवळ गेलो तर पट्टीवर ‘सादर’ हा शब्दच नाही, संस्थेचा शिक्का नाही, तारीख नाही. ती फसवणूक नव्हती, भिंतीची सजावट होती. शोभेच्या भावात शोभेची वस्तू घ्यायला हरकत कसली? पारितोषिकाच्या भावात घेतली की दुखतं.

ब्रिटनचा हिशेब निराळा. तिथे आधी ‘डिस्क’ नावाचं संगीत-साप्ताहिक १९५९ पासून अडीच लाख खपाच्या सिंगलला चांदीची तबकडी देत असे. १९७३ पासून बीपीआय ही तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना अधिकृत मान देऊ लागली. आजच्या अटींनुसार अल्बमला ६० हजारांवर सिल्व्हर, १ लाखावर गोल्ड आणि ३ लाखांवर प्लॅटिनम. तेव्हा ‘प्लॅटिनम’ म्हटलं की आधी विचारायचं, कुठल्या देशाचं?

आपल्याकडे सुवर्ण तबकडी, प्लॅटिनम डिस्क हे शब्द वर्तमानपत्रांतून रुळले ते रेकॉर्ड कंपन्यांच्या समारंभांमुळे. पंडित भीमसेन जोशींना १९८६ मध्ये प्लॅटिनम डिस्क मिळाली. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांच्या १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ने तर ही मजल एल.पी.च्या जमान्यातल्या शास्त्रीय वाद्यसंगीताच्या जोरावर मारली. या तबकड्या बहुधा कंपनीकडूनच येत, म्हणजे वरच्या भाषेत घरच्या. त्यामुळे इथली एखादी चौकट विकायला आली, तर समारंभाचा फोटो किंवा बातमीचं कात्रण हाच खरा आधार.

सांभाळायचं कसं, हेही सांगून टाकतो, कारण मुंबई-कोकणातली हवा या वस्तूंची वैरी आहे. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चौकट लावू नये, पुठ्ठ्यावर बुरशीचे ठिपके पडतात ते जात नाहीत. थेट उन्हात मुखपृष्ठाचा रंग उडतो. पुठ्ठा पिवळा पडला म्हणून फ्रेमवाल्याकडे नेऊन नवा पांढराशुभ्र बसवून घेणं म्हणजे हाताने किंमत निम्मी करणं. लांबून मागवलीत तर विक्रेत्याला सांगून काचेवर कागदी चिकटपट्टीच्या उभ्या-आडव्या पट्ट्या मारून घ्या. काच फुटली तरी तुकडे जागच्या जागी राहतात, तबकडीवर ओरखडे उठत नाहीत.

शेवटी एक चौकट, जी माझ्याकडे नाही. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत फारुख बुलसारा नावाचा मुलगा शिकला, पुढे तो फ्रेडी मर्क्युरी झाला. त्याने लिहिलेल्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ला अमेरिकेत १९७६ मध्ये गोल्ड मिळालं, तेव्हाच्या अटीप्रमाणे १० लाख सिंगल खपल्यावर. त्याच गाण्याला २०२१ मध्ये डायमंड मिळालं, १ कोटीचं, ज्यात फोनवरून ऐकलेल्यांचाही हिशेब धरलेला. डायमंडचा आकडा दसपट आहे. पण मला विचाराल तर भिंतीवर हवी ती १९७६ चीच, मिनिटाला ४५ फेऱ्यांची लहानशी सोनेरी तबकडी आणि वर एलेक्ट्रा कंपनीचं लेबल. पट्टीवर कुठल्यातरी आडगावच्या रेडिओ स्टेशनचं नाव असलं तरी चालेल. परवडायची असेल तर तशीच असावी लागेल.